क्रोमचा मुलामा टिकवताना: एका रोबोवरच्या कामाच्या नोंदी

काम काय आहे ते आधी सांगतो. गाडीचा रोबो होतो त्या जातीचं खेळणं. चकचकीत पार्ट बरेच: छातीची जाळी, दोन्ही पोटऱ्या, मनगटाचे गोळे, सायलेन्सरचे पाइप आणि डोक्यावरचा सोनेरी तुरा. काचेच्या कपाटात ठेवून नुसतं बघायचं असतं तर एवढा खटाटोप करावा लागला नसता. पण भाच्याचा सवाल रास्त होता, "मामा, खेळायचंच नाही तर घेतलास कशाला?" त्यामुळे अट अशी ठरली की रोज घडी घालायची, रोज उलगडायची आणि तरी चकाकी टिकायला हवी. हेच काम कुणी करायला घेतलं तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

२ फेब्रुवारी

सगळे पार्ट भिंगाखाली पाहिले. मुलामा कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवणं भाग होतं. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकांमधून वीज जात असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून दोन्ही टोकं एका झाकल्या जागी हलकेच टेकवली. बीप नाही. विजेने चढवलेला खरा क्रोम असता (खाली तांबं, मग निकेल, वर क्रोमियम) तर मीटर लगेच वाजला असता. इथे सगळ्यात वर पारदर्शक लॅकर (वार्निशसारखा लेप) आहे. त्याच्या खाली निर्वात पेटीत वाफ करून बसवलेलं अ‍ॅल्युमिनियम आणि त्याच्याही खाली प्लास्टिक गुळगुळीत करणारं आणखी एक लॅकर. अ‍ॅल्युमिनियमचा थर ०.१ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून पातळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून काय ते समजा. खेळण्यांत बहुतेक ठिकाणी हाच प्रकार असतो. झिजलेल्या जागी थेट करडं प्लास्टिक दिसतं, मधे पिवळट निकेल किंवा तांबूस थर दिसत नाही, हीसुद्धा त्याचीच खूण.

टोकं टेकवताना दाबू नका. टोकाने लॅकर भेदलं तर बीपही येईल आणि टोचाही पडेल.

मग कागदावर रोबोचं ढोबळ चित्र काढलं आणि झिजलेल्या जागा लाल पेनने भरल्या. मला वाटत होतं, हाताच्या घामाने मुलामा जातोय. चित्र वेगळंच सांगत होतं. जिथे बोटं लागतात त्या छातीवर आणि मांड्यांवर फक्त मंदपणा आहे. टक्कल पडलंय ते पोटऱ्यांच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या गोळ्यांवर आणि उजव्या नडगीवर. नडगीवर तर पट्टीने आखावी तशी एक सरळ रेघ आहे. तरीही डोक्यात 'वरून एक मजबूत कोट मारला की झालं' हेच होतं आणि पुढचे काही दिवस त्यातच गेले.

५ फेब्रुवारी

चाचण्या रोबोवर नाहीत. मॉडेल किटमधले क्रोमचे भाग कापून घेतल्यावर जी चौकट उरते, तो स्प्रू फेकू नका. त्याच्यावर हाच मुलामा असतो आणि तो फुकट मिळतो. त्याचे बोटभर तुकडे केले आणि ओळखू यावेत म्हणून टोकाला कानशीने खाचा पाडल्या.

स्प्रे कॅनमधलं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लॅकर मारलं. पाचेक मिनिटांत आरसा गेला आणि करडी, थंड चमक उरली. त्या दिवशी हवा दमट होती. अशा हवेत लॅकरमध्ये ओल अडकते आणि ते दुधाळ होतं, म्हणून आधी हवेलाच दोष दिला.

नेलपेंटचा पारदर्शक कोट चालेल का, असं विचारणारे खूप असतात. एका तुकड्यावर लावून पाहिला. ओला असतानाच खालचा मुलामा सुरकुतला.

पाण्यावर आधारित पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, फरशी चमकवायला वापरतात त्यातलं, मऊ ब्रशने लावलं. वाळल्यावर चकाकी जशीच्या तशी. पुढचा सगळा भरवसा याच बाटलीवर.

दोन भागांचं पॉलियुरेथेन (गाडीच्या रंगकामात वापरतात ते) सगळ्यांत टणक, यात वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये (कडक करणाऱ्या दुसऱ्या भागात) आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं आणि स्प्रे करताना साधा मास्क त्याला पुरत नाही. घरात, त्यातही लहान मुलं असताना, मी त्या वाटेला जाणार नाही.

७ फेब्रुवारी

हवा कोरडी. स्प्रेचा प्रयोग पुन्हा, या वेळी लांबून, धुक्यासारखे हलके हात देऊन. मंदपणा कमी आला, पण आलाच. म्हणजे ओलीचा संबंध नव्हता. स्प्रेमधलं सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) वरच्या लॅकरमध्ये शिरतं, लॅकर फुगतं आणि त्याला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम सूक्ष्म सुरकुत्या धरतं. आरसा सपाट असेल तोवरच आरसा. नंतर कितीही पुसा, चकाकी परत येत नाही. एक अख्खा कॅन यात संपला.

उरलेल्या तुकड्यांवर घासाघाशी केली. पेन्सिलच्या मागचं रबर सारख्या दाबाने पुढे-मागे. उघडा तुकडा लवकरच कडेला टकला झाला. पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात दिलेला बराच तगला. नुसतं कार वॅक्स लावलेला जवळपास उघड्याइतकाच झिजला, पण त्याच्यावरचे बोटांचे ठसे एका फुंकरीत आणि एका पुसण्यात निघतात. ज्या डब्यावर 'क्लीनर' किंवा 'पॉलिश' लिहिलंय तो मात्र लांब ठेवा. त्यात घासणारी पूड असते. टूथपेस्ट आणि पितळ घासायचं पॉलिशही त्याच पंगतीतलं.

१० फेब्रुवारी

रोबो सुटा केला. सगळे क्रोम पार्ट कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुतले आणि वाऱ्यावर वाळवले. धुण्याची पावडर किंवा ब्लीच नाही: अ‍ॅल्युमिनियम अल्कलीत विरघळतं. मॉडेल बनवणारे किटवरचा क्रोम मुद्दाम काढायला ब्लीचच वापरतात आणि तो काही मिनिटांत जातो.

अ‍ॅक्रिलिकचे दोन हात सगळ्या चकचकीत भागांवर दिले. रुंद, मऊ ब्रश हवा. बाटली हलवायची नाही, बुडबुडे येतात. खळग्यात साचलेला थेंब टिश्यूच्या कोपऱ्याने टिपून घ्यायचा. वर पुठ्ठ्याचा खोका उपडा घातला की धूळ बसत नाही. छातीची जाळी अप्रतिम आली, नव्यापेक्षा खोल दिसते.

१३ फेब्रुवारी

मोठा फटका. रोबो जोडला, त्याची गाडी केली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पाय उलगडताना चर्र आवाज आला. दोन्ही पोटऱ्यांच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या. उजवीवरचा कोट डावीला लागून सोलून निघाला आणि जाताना खालचं अ‍ॅल्युमिनियमही घेऊन गेला. नखाएवढा पापुद्रा, एका बाजूने चांदी, दुसऱ्या बाजूने स्वच्छ काच.

पाण्याचं अ‍ॅक्रिलिक हाताला कोरडं लागतं तेव्हा आतून कडक झालेलं नसतं. पण आणखी आठवडा थांबूनही मूळ प्रश्न सुटला नसता. असे दोन लेपलेले भाग दाबून ठेवले की ते एकमेकांना धरतातच. शिवाय कोटाने दोन्हीकडची जाडी वाढवली आणि मुळातच घट्ट बसणारी जागा आणखी घट्ट झाली.

लाल पेनचं चित्र पुन्हा काढलं. टक्कल पडलेली प्रत्येक जागा प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथलीच आहे. तिथे काहीही लावलं तरी आज ना उद्या घासून जाणार. तिथे लावायचं नाही, जागा मोकळी करायची. आणि कानस चालवायची ती समोरच्या साध्या करड्या भागावर, क्रोमवर कधीच नाही.

१५ फेब्रुवारी

घासतं नेमकं कुठे, हे शोधण्याची युक्ती: ताईची जुनी लिपस्टिक. करड्या भागांवर बोटाने अगदी पातळ फासायची, रोबोची हळूच घडी घालायची, परत उलगडायची. क्रोमवर लाल ठिपका उठला की तीच जागा. नंतर साबणाच्या पाण्याने निघून जाते.

नडगीवरच्या सरळ रेघेचं कोडं इथे सुटलं. समोरच्या करड्या दंडावर साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण आहे. डोळ्यांना ती दिसतही नव्हती. भिंगाखाली मात्र प्लास्टिकची एक बारीक, उभी पात दिसली. नखाने स्पर्श केला तर खरखर लागते. दर घडीला ही पात नडगीवर त्याच रेषेत ओढली जात होती. ब्लेड काटकोनात धरून शिवण खरवडली (कापायची नाही, खरवडायची), मग ८०० आणि १२०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवला. एकूण काम अर्ध्या तासाचं. नडगीची झीज तिथल्या तिथे थांबली.

नवीन खेळणं घेणाऱ्यांनी पहिली घडी घालण्याआधी एवढं एकच केलं तरी निम्मं काम होतं.

पोटऱ्यांच्या आत करड्या फासळ्या होत्या, त्याही कागदाच्या जाडीएवढ्या खरवडल्या. लिपस्टिक लावून पुन्हा पाहिलं: ठिपके लहान झाले, पण गेले नाहीत. अजून खरवडलं तर गाडी नीट बंद होईना, दरवाजा लोंबायला लागला असता. म्हणून उरलेल्या दोन ठिकाणी करड्या बाजूला अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनच्या (यूएचएमडब्ल्यू) पातळ चिकट टेपचे कोपरे गोल केलेले ठिपके लावले. घासायचंच असेल तर गुळगुळीत, मऊ पृष्ठावर घासू दे. क्रोमच्या बाजूला टेप लावायची नाही. काढताना मुलामा सोबत घेऊन येईल.

१९ फेब्रुवारी

मनगटं. इथे सगळ्यांत जास्त वेळ गेला.

गोळा क्रोमचा, वाटी करड्या प्लास्टिकची. साच्यातून निघालेल्या गोळ्यावर दोन लॅकर चढले, त्यामुळे तो वाटीला थोडा मोठा झालाय. फिरवला की पापुद्रे निघतात आणि वाटीत अडकून बसतात. तेच पापुद्रे पुढच्या वेळी वाळूसारखे घासतात. वाटी मोठी करावी तर हात लुळा पडतो, रोबोला तलवार धरवत नाही. घर्षण हवं आहे, फक्त ते मुलाम्यावर नको.

शेवटी ठरवलं की गोळ्याचा जो भाग वाटीत कायम झाकलेला राहतो, तिथला मुलामा मुद्दामच काढून टाकायचा. कुणाला दिसत नाही, मग तो तिथे ठेवून पापुद्रे कशाला पिकवायचे? आधी टाकाऊ तुकड्यावर ब्लीच वापरून पाहिलं. ते लॅकरच्या फटीतून वर चढलं आणि जिथे नको तिथेही एक कडं खाऊन गेलं. म्हणून रोबोवर ब्लेडने खरवडणं, मग १२०० चा पेपर. जिथे मुलामा संपतो तिथे अ‍ॅल्युमिनियमची कड उघडी पडते, घामातलं मीठ तिथूनच आत शिरतं. त्या कडेवर बारीक ब्रशने अ‍ॅक्रिलिकची एक रेघ ओढून ती बंद केली.

खरवडल्यावर सांधा अर्थातच सैल झाला. सैल सांध्याला इन्स्टंट ग्लूचा पातळ थर देऊन वाळवायचा, हा प्रसिद्ध उपाय. एका मनगटावर केला. दुसऱ्या दिवशी पंजाच्या क्रोमवर पांढरी भुकटी धरल्यासारखा धूसर पट्टा. या ग्लूची वाफ आसपासच्या पृष्ठावर बसते आणि तिथेच घट्ट होते. बंद जागेत जास्तच. सिलिकॉन तेलाच्या बोटाने पुसल्यावर दिसेनासा झाला, निघाला म्हणवत नाही. दुसऱ्या मनगटाला ग्लू दिला नाही. उघड्या गोळ्यावर तेच फरशीचं अ‍ॅक्रिलिक, दोन पातळ हात, आणि दोन दिवस वाटीत न बसवता टांगून ठेवला. आता पकड छान आहे. जास्त घट्ट वाटली तर एक थर खरवडता येतो, ही वरची सोय.

२५ फेब्रुवारी

तेल. सांध्यांत आणि घसरणाऱ्या जागी टूथपिकच्या टोकाने सिलिकॉन तेल, दिसेल न दिसेल इतकं, आणि जास्तीचं लगेच टिपून घ्यायचं. सायकलचं ग्रीस किंवा शिलाई मशीनचं तेल घालायचा मोह होतो, कारण ते घरात असतं. खनिज तेलांनी ताणाखालच्या एबीएस आणि पॉलिस्टायरीन या खेळण्यांतल्या प्लास्टिकना तडे जाऊ शकतात, आणि सांध्याची खुंटी कायम ताणाखालीच असते.

क्रम महत्त्वाचा: आधी सगळे कोट, मग तेल. सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर काही लावायला गेलं तर ते थेंब-थेंब होऊन पळतं, बसत नाही.

१ मार्च

सोनेरी तुरा. याच्या टोकांना चांदी दिसायला लागली होती. ही बातमी वाईट कमी आणि चांगली जास्त. सोनेरी मुलाम्यात सोनेरी धातू नसतो. तेच रुपेरी अ‍ॅल्युमिनियम, वरच्या लॅकरमध्ये फक्त पिवळा रंग घातलेला. चांदी दिसते याचा अर्थ वरचं लॅकर गेलंय, धातू शाबूत आहे. रुपेरी पार्टवर हा इशारा मिळतच नाही, तिथे लॅकर गेलेलं दिसत नाही, एकदम प्लास्टिकच दिसतं.

पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये पारदर्शक पिवळा आणि किंचित पारदर्शक नारिंगी. नुसता पिवळा लिंबासारखा दिसला, पुसून टाकला. नारिंगी मिसळल्यावर जुळला. उजेडात बघितलं तर जोड कळतो, हातभर अंतरावरून नाही.

४ मार्च

पोटरीवरचं टक्कल भरणं. लिक्विड क्रोमचा पेन: गुळगुळीत जागी खरंच आरशासारखा दिसतो. पण वाळल्यानंतरही बोट फिरवलं की मंद होतो, आणि लवकर वरून कोट दिला तर करडा पडतो. म्हणून तो फक्त खळग्यात आणि खाचांत, जिथे बोट पोचत नाही तिथे वापरला. सपाट जागेवर मॉडेलवाल्यांची चिकट धातूची फॉइल लावली, बडने आतून बाहेर दाबत. कडा दुमडून खाचेत गेल्या तरच टिकते. सपाट भागाच्या मधोमध उघडी कड राहिली तर ती उचकटणार. पोटरीच्या आतल्या बाजूला, जिथे अजूनही ठिपक्याएवढा स्पर्श होतो, काहीच लावलं नाही. करडं दिसतंय, दिसू दे. पाय जोडलेले असताना ते झाकलेलंच असतं.

२२ मार्च

भाच्याने मनसोक्त खेळून परत दिला. नडगीवर नवी रेघ नाही. छातीच्या जाळीवर बारीक ओरखडे, पण ते अ‍ॅक्रिलिकमध्येच आहेत, खालपर्यंत गेलेले नाहीत. हा कोट गरज पडली तर अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या लिक्विडने मऊ पाडून काढता येतो आणि नव्याने देता येतो. नेमक्या याच कारणाने ते लिक्विड एरवी रोबोच्या जवळ आणायचं नाही. पुसायचं ते साध्या ओल्या मायक्रोफायबरने, आणि त्याआधी ब्रशने धूळ झाडून. कोरडी धूळ कापडाखाली आली की ओरखडे उठतात.

ठेवायला पॉलिथिनची पिशवी. मऊ पीव्हीसीची नको. त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य बाहेर येतं आणि लॅकर चिकट होतं, गाद्यांच्या कव्हरसारखा जो वास येतो तोच प्रकार. खिडकीतही नको. एबीएस तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या तीन-चार पट फुगतं, आणि तो पातळ थर सोबत ताणला जाऊन केसासारखे तडे घेतो.

राहिलेलं काम: ग्लू दिलेलं मनगट. आता ते कुरकुरायला लागलंय, म्हणजे वाटीत परत काहीतरी सुटतंय. ते खोलून ग्लूचा थर खरवडायचा आणि दुसऱ्यासारखंच अ‍ॅक्रिलिक द्यायचं. वाटीच्या तोंडाशीही साच्याची शिवण आहे का, ते त्याच वेळी लिपस्टिक लावून बघतो.